एका चुलीवरच्या दोन पंगती

"यांची पंगत वेगळी का?" मावशीनं विचारलं.

आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या फाउंटन्स अ‍ॅबी या पडक्या ख्रिस्ती मठाच्या पश्चिमेकडच्या लांबलचक दालनात उभ्या होतो. मधोमध बुटक्या खांबांची रांग, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यातूनच फुटलेल्या, वर जाऊन एकमेकींत मिसळणाऱ्या दगडी फासळ्या. बाहेर लख्ख ऊन होतं, आत मात्र ओल्या दगडाचा वास आणि अंगावर शाल ओढावी असा गारवा. कमानींच्या सांदीत वटवाघळं राहतात म्हणे. दिसलं एकही नाही, पण मावशी अधूनमधून पदर डोक्यावर घेत होती. मठातल्या सेवेकरी बंधूंची जेवणाची जागा इथे होती, आणि संन्याशांची पलीकडे, मठाच्या चौकाला लागून, हे मी तिला फलक वाचून सांगितलं होतं. त्यावर तिचा हा प्रश्न. जवळच छातीवर बिल्ला लावलेले एक स्वयंसेवक आजोबा उभे होते. मी प्रश्न त्यांच्याकडे सरकवला. ते खूश झाले. कामाच्या वेळाच वेगळ्या होत्या ना, ते म्हणाले; हे शेतात आणि मेंढरांमागे, ते प्रार्थनेत, मग जेवण एकत्र कसं जमणार? मी मावशीला भाषांतर करून सांगितलं.

मावशी नुसती "हं" म्हणाली.

त्या "हं"मुळे माझी त्या दिवसाची सगळी घडी विस्कटली. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवलेल्या बाईचा हुंकार होता तो. समोरच्याचं उत्तर खोटं नाही, पण पूर्णही नाही, आणि आता सगळ्या वर्गासमोर त्याला उघडं पाडण्यात अर्थ नाही, असं तिनं ठरवलं की ती असा हुंकार भरते. आजोबांना तो कळण्याचं कारण नव्हतं. मला कळला, पण त्याच्यामागे काय आहे ते कळेना. म्हणजे काही अंदाज होता. पण मी पिंपरीत वाढले, शाळेत डबे एकत्र खाल्ले, लग्नांतून बुफेच्या रांगा पाहिल्या. पंगत हा माझ्यासाठी केळीच्या पानाचा आणि जिलबीचा गोड शब्द होता.

मावशी पहिल्यांदाच परदेशात आली होती. तिला लंडन बघायचं नव्हतं. "ते टीव्हीवर बघितलंय," म्हणाली. तिला गावं बघायची होती, शेतं बघायची होती, आणि इकडचे लोक म्हातारपणी काय करतात ते बघायचं होतं. म्हणून मी लीड्सहून छत्तीस नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर तिला बसवली आणि हॅरोगेटवरून रिपनला घेऊन आले. मे महिन्याची सुरुवात होती. दोन्ही बाजूंच्या कुरणांत मेंढ्या आणि त्यांची उड्या मारणारी कोकरं. माण तालुक्यातल्या बाईला मेंढ्यांचं अप्रूप नसावं, पण ती टक लावून बघत राहिली. "काय अंगं आहेत गं यांची. आपल्याकडची मेंढरं यांच्यापुढं उपाशी वाटतील." मग थोड्या वेळानं: "आणि राखायला कुणीच कसं नाही?" खरंच, मैलोनमैल एक माणूस दिसला नव्हता. दगडी कुंपणं आणि त्यात सोडलेली जनावरं. राखणारा माणूस या चित्रातून कधीच गेलेला.

रिपनहून टॅक्सी केली आणि मुद्दाम स्टडलीच्या बाजूनं, हरणांच्या कुरणातून आणि तळ्यांच्या बागेतून चालत मठाकडे गेलो. स्केल नदीच्या काठची झाडी सुरू झाली आणि मावशी थबकली. "लसूण कोण परततंय?" कुणी परतत नव्हतं. सगळा उतार रानलसणीच्या रुंद पानांनी आणि पांढऱ्या फुलांनी भरला होता, आणि उन्हानं तापून वास घुमत होता. तिनं एक पान चुरगाळून हुंगलं, दुसरं तोंडात टाकलं, आणि मी "अगं, तोडायचं नसतं इथे" म्हणेपर्यंत चटणीचं प्रमाणही ठरवलं. शेंगदाणे जास्त, मिरची बेतानं. संरक्षित वारसास्थळ, युनेस्कोची यादी वगैरे मी सांगितलं. "पानं काय मोजून ठेवलीत काय त्यांनी," ती म्हणाली, पण दुसरं पान तोडलं नाही.

ही तळ्यांची बाग मठाच्या नंतरची, अठराव्या शतकातली. ती करणारा जॉन एस्लाबी इंग्लंडचा अर्थमंत्री होता. साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला, त्यात याचे हात बरबटलेले निघाले, १७२१ मध्ये संसदेतून हकालपट्टी झाली, काही काळ लंडनच्या टॉवरमध्ये कैदही झाली. मग स्वारी गावी परतली आणि उरलेलं आयुष्य चंद्रकोरीच्या आकाराची तळी, पुतळे आणि कापलेल्या हिरवळी मांडण्यात घालवलं. मावशीला ही गोष्ट फार आवडली. घोटाळा करून घरी बसलेला मंत्री निदान बाग तरी करतो, हे तिला प्रगतीचं लक्षण वाटलं. त्याच्या मुलानं, विल्यमनं, १७६७ मध्ये शेजारचा पडका मठच विकत घेतला आणि बागेला जोडून टाकला. बागेच्या टोकाशी एका उंचवट्यावरून झाडी एकदम बाजूला होते आणि नदीच्या वळणापलीकडे अख्खा मठ समोर येतो, तो देखावा त्या जोडणीचं फळ. शेकडो माणसं जिथे जगली, आजारी पडली, मेली, ती जागा एका माणसाच्या फेरफटक्याचा शेवटचा मुक्काम झाली. देखावा सुंदर आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. माझा श्वास खरंच अडकला. मावशीनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "छप्पर कुणी नेलं?"

आठव्या हेन्रीनं, मी म्हटलं. नोव्हेंबर १५३९ मध्ये मठ राजाच्या ताब्यात गेला, तेव्हा आत तीसेक संन्यासी उरले होते. त्यांना पेन्शन दिली आणि वाटेला लावलं. पेन्शन हा शब्द ऐकून निवृत्त शिक्षिका समाधानानं मान हलवती झाली. मग छपराचं शिसं काढलं. शिसं विकलं जायचं, पैसा राजाच्या तिजोरीत. एकदा ते गेलं की वासे कुजवायला यॉर्कशरचा पाऊस समर्थ आहे. पुढं कुणी दगड नेले. पलीकडचा फाउंटन्स हॉल नावाचा देखणा वाडा मठाच्याच दगडांचा आहे. जे नेणं जड गेलं ते उरलं.

मठाच्या चर्चमध्ये शिरलो तेव्हा पायाखाली गवत होतं. दोन्ही बाजूंना प्रचंड खांब, वर आभाळ. एक बाई बाळाला घेऊन खांबाला टेकून बसली होती, दोन पोरं पकडापकडी खेळत होती. मावशी खांबाभोवती फिरली, हातानं दगड चाचपला. मी तिला इतिहास सांगायला लागले, कारण शांतता मला झेपत नाही. ११३२ साली यॉर्कच्या एका सुखवस्तू मठातून तेरा संन्यासी भांडून बाहेर पडले. तिथलं खाणंपिणं, राहणं त्यांना सैल वाटत होतं. डिसेंबरात आर्चबिशपनं त्यांना हे दरीतलं रान दिलं. पहिला हिवाळा एका एल्मच्या झाडाखाली काढला, पाला उकडून खाल्ला अशी कथा मठाच्याच बखरीत आहे. मग ते सिस्टर्शियन पंथात गेले: न रंगवलेल्या लोकरीचा झगा, मांस नाही, जेवताना बोलणं नाही, मध्यरात्री उठून प्रार्थना, आणि स्वतःच्या हातांनी कष्ट करून पोट भरायचं. त्या पंथाला चर्चवर उंच दगडी मनोरेसुद्धा नको होते. डामडौल नको, झगमग नको. "आणि हे?" मावशीनं बोट केलं. चर्चच्या उत्तर टोकाला पन्नासेक मीटरचा मनोरा उभा होता. मार्माड्यूक ह्यूबी नावाच्या मठाधिपतीनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. एल्मखालच्या पाल्यापासून या मनोऱ्यापर्यंत चारशे वर्षं.

चारशे वर्षांत काय झालं, तर मेंढ्या झाल्या.

या भागातल्या डोंगरांवर मठाची कुरणं होती, पार किल्न्सी आणि मॅलमपर्यंत. उन्हाळ्यात कळप वर न्यायचे, लोकर कातरायची, गोण्या भरायच्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्यानं इंग्लंडमधल्या मठांच्या लोकरीची यादी करून ठेवलीय. त्यात फाउंटन्सच्या नावापुढं वर्षाला ७६ गोण्या आहेत, आणि एक गोणी म्हणजे दीडशे किलोच्या वर. आणि ही लोकर कातरायच्या कितीतरी आधी विकलेली असायची. इटलीचे व्यापारी पुढच्या काही वर्षांच्या लोकरीचे पैसे आगाऊ मोजायचे, मठ त्या पैशात बांधकाम काढायचा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्यांत खरजेची साथ आली, लोकर भरेना, आणि हा धनाढ्य मठ कर्जात बुडाला. हे सांगताना मी 'फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट' असा शब्द वापरला. मावशी म्हणाली, "उचल घेतली म्हण की." आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेतात, ती फिटता फिटत नाही. तिनं संन्याशांची कीव केली नाही, पण त्यांचा हिशोब तिला बसल्या जागी समजला.

या सगळ्या मेंढ्यांमागे जप करणारे संन्यासी धावत नव्हते. स्वतःच्या हातांनी कष्ट हा नियम, पण दिवसातून सात-आठदा चर्चमध्येही हजर राहायचं. मग कुरणं कोण सांभाळणार? त्यासाठी सेवेकरी बंधू. बहुतेक शेतकरी, मजूर, कारागीर. तेही शपथ घ्यायचे, ब्रह्मचर्य पाळायचे, आज्ञा मानायचे. पण ते संन्यासी नव्हते, आणि पुढं कधी होऊही शकत नव्हते. संन्यासी दाढी करायचे, यांनी राखायची. चर्चमध्ये यांनी पश्चिमेच्या अर्ध्यात उभं राहायचं, संन्याशांनी पूर्वेच्या. मध्ये दगडी आडभिंत. झोपायची जागा वेगळी, आजाऱ्यांची खोली वेगळी, रात्री चर्चमध्ये उतरायचा जिना वेगळा. आणि पंथाच्या नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं की सेवेकरी बंधूनं पुस्तक बाळगायचं नाही, आणि दोन-तीन प्रार्थनांपलीकडे काही शिकायचं नाही. त्याही पाठ करायच्या, ऐकून.

हे मी मावशीला त्या दालनात नाही सांगितलं. "हं"च्या आधी मला यातलं निम्मंच ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं ते कधी असं एका रांगेत लावून बघितलं नव्हतं. मी इथे यापूर्वी आले तेव्हा याच दालनात उभं राहून खूप शांत वाटल्याचं आठवतं. कंबोडियातल्या एखाद्या देवळात किंवा ओस पडलेल्या वाड्यात वाटतं तसं, कुणाचंच काही लागत नसल्यासारखं शांत.

दालनातून बाहेर पडलो ते नदीकडे. इमारतीचं हे टोक सरळ स्केल नदीवर चढलंय. दगडी बोगद्यांतून पाणी खालून वाहतं. सेवेकऱ्यांचे संडास इथे, पाण्यावर. मावशीला यात चर्चपेक्षा जास्त रस होता. शाळेत मुलींसाठी संडास मिळावा म्हणून तिनं पंचायत समितीच्या किती पायऱ्या झिजवल्या ते मला माहीत आहे. तिनं वाकून पाणी कुठून येतं, कुठं जातं ते नीट पाहिलं. नदी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. सेवेकरी पश्चिमेला. संन्याशांचे संडास आणि आजारी संन्याशांची इमारत खाली, पूर्वेला, त्याच नदीवर. ती एकदम हसली. "अगं, हे वरच्या अंगाला!" माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. आपल्याकडं ओढ्यावर वरच्या अंगाला कुणी पाणी भरायचं आणि खालच्या अंगाला कुणी, हे ठरलेलं असायचं. इथे सगळं वेगळं काढणाऱ्यांनी पाण्याचा उतार काही विचारात घेतलेला नव्हता. पिण्याचं पाणी ते उतारावरच्या झऱ्यांचं वापरायचे, त्यामुळे त्यांचं अडलं नसेल. तरी मावशी त्यानंतर बराच वेळ खुशीत होती.

मग स्वयंपाकघर. आता तिथे फार काही नाही, जळून लालसर झालेले दगड आणि मोठाल्या चुलींच्या खुणा. पण त्याची जागा बघण्यासारखी आहे. एका बाजूला संन्याशांचं जेवणघर, उंच, सुंदर. भिंतीत वर जाणारा छोटा जिना आणि सज्जा, जिथून जेवताना एकजण धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीचे मुकाट्यानं, हवं-नको खुणांनी सांगत जेवायचे. दुसऱ्या बाजूला सेवेकऱ्यांचं जेवणघर. मध्ये हे. याच्या भिंतींतून दोन्हीकडे ताटं सरकवायची सोय. मावशी चुलीपाशी उभी राहिली, एकदा इकडे मान वळवली, एकदा तिकडे.

"चूल एकच की."

इतकंच. मग तिला भूक लागली.

आम्ही नदीच्या उतारावर गवतात बसलो. धपाटे, दही, लसणाची चटणी, आणि माझ्या फ्रीजमधलं दुकानातलं लोणचं, ज्याला ती लोणचं मानत नाही. आजूबाजूला लोक सँडविचं खात होते, एका आजीनं थर्मासमधला चहा आणि केक काढला होता. गरमगरम उन्हात पांढऱ्या ढगांच्या सावल्या मनोऱ्यावरून सरकत होत्या. मी मावशीचा फोटो काढायला गेले तर ती म्हणाली, इथला नको, त्या आतल्या दालनातला काढ, तिथं छान येईल. परत गेलो. खरंच छान आला. नव्वद मीटरच्या आसपास लांबीचं ते दालन, शेवटच्या कमानीतून येणारा उजेड, मध्ये निळ्या साडीवर माझा जुना रेनकोट घातलेली मावशी. फाउंटन्स म्हटलं की सगळे हाच फोटो काढतात. आणि फलकाच्या खालच्या ओळी मी तेव्हा वाचल्या. मठ चालू होता तेव्हा हे दालन असं नव्हतंच. इथे आडव्या भिंती होत्या. उत्तरेकडच्या भागात कोठारं, मध्ये बाहेरच्या लोकांशी बोलायची खोली, दक्षिणेकडे सेवेकऱ्यांचं जेवणघर. भिंती पडल्या, काढल्या, आणि उरली ती ही एकसंध लांबी. जे बघायला आपण येतो, ज्याच्यासमोर उभं राहून पवित्र वगैरे वाटतं, ते त्या संन्याशांनी कधी बघितलंच नव्हतं. सेवेकऱ्यांनीही नाही. त्यांनी पोती, पिंपं आणि एक बंद खोली बघितली.

आणखी एक गंमत. संन्याशांच्या सुंदर जेवणघराला आज छप्पर नाही, चर्चला नाही. या सेवेकऱ्यांच्या मजल्याला आहे. दगडी कमानी शिशावर अवलंबून नव्हत्या म्हणून टिकल्या. त्यांच्या डोक्यावरचा, ते झोपायचे तो मजला मात्र उघडा पडलाय. याच्यातून काही मोठा न्याय वगैरे काढायचा मोह मला झाला होता, पण दगडाला कमान केली की ती टिकते, यापलीकडं त्यात काही नाही.

घरी आल्यावर मी वाचत बसले. सेवेकऱ्यांच्या बाजूनं बोलायचं तर हे दुसरंही लिहायला हवं: त्या काळच्या भूमिहीन माणसाला मठात रोज भाकरी होती, अंगावर कपडा होता, आजारपणात खाट होती आणि मेल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं होती. पंथाच्या सुरुवातीच्या दशकांत लोक झुंडीनं येत. जवळच्या रिव्हो मठात ११६७ मध्ये तिथला मठाधिपती एल्रेड वारला तेव्हा १४० संन्यासी आणि त्यांच्या तिपटीहून जास्त, ५०० सेवेकरी-मजूर होते, असं त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय. त्यांना कुणी पकडून आणलं नव्हतं. पण वेगवेगळ्या मठांत सेवेकऱ्यांनी बंडं केल्याच्या नोंदीही पंथाच्या सभांत सापडतात, आणि त्यातली काही बिअर बंद केल्यावरून आहेत. मला ती फार जवळची वाटली. माणूस जन्मभर पुस्तकाविना राहील, वेगळ्या जिन्यानं उतरेल, आणि एक दिवस पेल्यावरून पेटून उठेल. पेला हे कारण नसतंच. चौदाव्या शतकात त्यांची संख्या आधीच रोडावली होती. १३४९ ची प्लेगची साथ आली, माणसं मेली, उरलेल्यांना मजुरी चढी मिळायला लागली. मठांनी जमिनी खंडानं दिल्या. सेवेकरी बंधू ही जातच हळूहळू संपली.

जात म्हटलं मी. राहू दे.

नंतर एका रविवारी मी कर्कस्टॉलला गेले. लीड्समधला हा मठ माझ्या ऑफिसच्या बसमधून रोज दिसतो, गिरण्यांच्या धुरानं काळा पडलेला, भोवती सार्वजनिक बाग, पोरं फुटबॉल खेळतायत. फाउंटन्सच्याच संन्याशांनी ११५२ मध्ये इथे वस्ती केली, त्यामुळे नकाशा तोच. मी थेट स्वयंपाकघर शोधत गेले. मध्ये चूल, दोन्हीकडे पंगती. पण इथे पुढची पायरी आहे. पंधराव्या शतकापर्यंत नियम सैलावले, मांस चालायला लागलं, पण सरसकट नाही. मग संन्याशांच्याच जेवणघराचे दोन मजले केले: खाली मांस खायचं तेव्हा बसायला, वर शाकाहाराला. त्यासाठी वेगळं स्वयंपाकघरही बांधलं. सेवेकरी उरले नाहीत तर आपापल्यातच मजले पाडले. मी फोटो काढून मावशीला पाठवला. तिनं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे पाठवले, आणि खाली लिहिलं, सोसायटीच्या मीटिंगला दाखव.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलंच. "आजोबा बोलले तेव्हा तू 'हं' का केलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. पुन्हा मेंढ्या होत्या. "तसं काही नाही," म्हणाली. मग रिपन मागे पडल्यावर आपणहून सांगायला लागली. गावात सप्ता बसायचा. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि जेवण. पाराच्या अलीकडं गाव बसायचं, पलीकडं आमची आळी. ताटल्या आपापल्या घरून न्यायच्या. भात तोच, आमटी तीच, चूल एकच. वाढपीही तेच, फक्त आमच्याकडं येताना हात वर धरून वरून टाकायचे. आमटीचे शिंतोडे परकरावर उडायचे. "तुझी आई परकर घरी बदलून यायची, जुना घालून. डाग पडणारच म्हणून." आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. "आणि विचारलं तर सांगायचे, तुम्ही लांबून येता, तुम्हाला उशीर होतो, म्हणून वेगळं. वेळा वेगळ्या." ती माझ्याकडं बघून बारीक हसली. "आळी काय लांब होती? पाराला लागून."

मी काहीच बोलले नाही. तीच पुढं बोलत राहिली. बहात्तरच्या दुष्काळात मात्र सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. पाटलाच्या घरातल्या बायकासुद्धा खडी फोडायला. ती दहा वर्षांची होती, आईबरोबर जायची. सुकडी वाटायचे, लाल मिलोच्या भाकरी असायच्या. सगळे एका रांगेत, जो आधी येईल तो पुढं. पाटलीणबाईंनी तिच्या आईच्या तांब्यातलं पाणी प्यायलेलं तिनं स्वतः बघितलंय. तांब्या तोंडाला लावून.

"मग?"

"मग काय. त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. सप्ता बसला. पंगत होती तिथंच."

हॅरोगेटला बरीच माणसं चढली. शाळेतली पोरं होती, टाय सैल केलेली, चिप्सची पाकिटं एकमेकांच्या हातातून ओढणारी. मावशीनं त्यांना निरखून पाहिलं, सवयीनं मोजलंही असेल. मी विचारलं, तुझ्या शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा काय व्हायचं? पोरं कशी बसायची?

"पहिल्या दिवशी आपली आपण बसली. बरोब्बर आळीप्रमाणं. कुणी सांगितलं नव्हतं." मग तिनं दुसऱ्या दिवशी हजेरीपट हातात घेतला आणि अनुक्रमांकानं बसवली. एक, दोन, तीन. चार दिवस दोन घरची माणसं भांडायला आली, पाचव्या दिवशी आली नाहीत.

"पण हजेरीपटावर आडनावं असतात ना," मी म्हटलं, "आडनावानं लावला असेल तर पुन्हा एका आडनावाची पोरं शेजारी-शेजारीच."

"म्हणून तर मी नावानं लावला होता," मावशी म्हणाली. "अनिल, अर्चना, अश्विनी, बाळू. मुख्याध्यापक म्हणाले नियमात बसत नाही. म्हटलं, नियम दाखवा."